व्हॅनचा नॉक सेन्सर : आधी तपासा, मग बदला



आपल्या कार्यक्रमात आणि या सल्ला-पत्रिकेत आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग, पाणी यांविषयी बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. माल शेतात पिकला तरी बाजारात पोहोचेपर्यंत पैसा हाती येत नाही. पूर्वी हे काम बैलगाडीकडे होते, आज अनेक घरांत लहान मालवाहू व्हॅनकडे आहे. बैलाचा खूर दुखावला तर आपण लगेच ओळखत होतो. व्हॅनचे दुखणे मात्र आपल्याला चटकन कळत नाही आणि मग मिस्त्री सांगेल तो खर्च करावा लागतो. म्हणून व्हॅनच्या इंजिनमधील ‘नॉक सेन्सर’ या लहानशा भागाची ओळख आज करून घेऊ. तो काय काम करतो, तो बिघडल्याचे कसे ओळखावे आणि बदलायची वेळ आलीच तर काय काळजी घ्यावी, ते क्रमाने पाहू.

एक खरी गोष्ट

भिंगारहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातील शेतकऱ्याची ही हकीकत आहे. पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर चालणारी त्यांची व्हॅन. कांद्याच्या गोण्या भरून ते नगरजवळच्या नेप्तीच्या बाजारात नेत असत. एके दिवशी समोरच्या पट्टीवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. सपाट रस्त्यावर गाडी बरी चाले, पण करंजी घाटात भरल्या मालाने अजिबात ओढेना. पूर्वी तिसऱ्या गियरवर निघणारी चढण दुसऱ्यावर काढावी लागे, आणि तेलही जास्त खाई.

गॅरेजात यंत्र लावून पाहिले. मिस्त्री म्हणाले, “नॉक सेन्सर गेला.” नवा बसवला, पैसे दिले, दिवा विझला. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला. दुसऱ्यांदा सेन्सर बदलला, दिवा पुन्हा लागला. शेवटी एका जुन्या जाणत्या मिस्त्रीने सीट उचलून हातबत्तीच्या उजेडात वायर शोधत नेली. इंजिनच्या मागच्या बाजूला उंदराने वायरीचे आवरण कुरतडले होते आणि आतली तार अर्धी तुटलेली होती. गाडी रात्री कांद्याच्या चाळीशेजारी उभी राहत असे, उंदरांना ऊबही मिळाली आणि खाद्यही. तार जोडली, वर नळी चढवली, काम झाले.

आपल्याकडे म्हणतात ना, दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, तशातली ही गत. दोन सेन्सरचे पैसे गेले आणि दोन बाजार चुकले ते निराळेच. या गोष्टीतला धडा सरळ आहे. दिवा लागला म्हणजे सेन्सर बिघडलाच, असे समजू नये.

नॉकिंग म्हणजे काय?

सेन्सर समजण्यासाठी आधी ‘नॉकिंग’ समजले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते, पिस्टन ते दाबतो आणि प्लगची ठिणगी पडली की ते पेटते. ही पेटण्याची क्रिया शिस्तीत व्हावी लागते. उदाहरण द्यायचे तर उसाच्या पाचटाचे देता येईल. (पाचट जाळू नये, ते कुजवावे, हे आम्ही नेहमी सांगतो. हे फक्त उदाहरणापुरते.) पाचट एका टोकाला पेटले की ज्योत सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जाते. सिलिंडरमध्येही ज्योत प्लगपासून कडेकडे अशीच सरकली पाहिजे.

पण कधी असे होते की ज्योत पोहोचण्याआधीच कडेचे उरलेले मिश्रण जादा दाब आणि उष्णता यांमुळे आपोआप पेट घेते. दोन्हीकडून आग लागावी तसे होते. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतीवर आदळतात आणि ‘टिक-टिक’, ‘किट-किट’ असा धातूवर खडे टाकल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. चढणीवर, भरल्या गाडीला, वरच्या गियरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबला की हा आवाज जास्त ऐकू येतो.

थोडा वेळ, हलकेसे नॉकिंग झाले तर फारसे बिघडत नाही. जोरदार नॉकिंग बराच काळ चालू राहिले तर मात्र पिस्टनचा माथा झिजतो, रिंगा तुटतात, हेडचे गॅस्केट जळते आणि शेवटी पिस्टनला भोकही पडते. मग इंजिन उतरवून काम काढावे लागते. तो खर्च सेन्सरच्या कित्येक पट असतो आणि ऐन सुगीत गाडी गॅरेजात अडकते.

सेन्सर हा इंजिनचा कान

भिंगारकरांना इंजिनची भाषा नवी नाही. शेजारीच लष्कराची छावणी आहे, चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. वाहननगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. अशा भागात जुने मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनला लावतात, मूठ कानाशी धरतात आणि आत काय खडखडते ते सांगतात. नॉक सेन्सर नेमके हेच काम करतो. फरक इतकाच की तो चोवीस तास कान लावून बसलेला असतो.

त्याच्या पोटात एक खास स्फटिकासारखी चकती असते. तिच्यावर दाब आला किंवा ती हादरली की तिच्यातून विजेचा बारीकसा दाब निर्माण होतो. हा गुणधर्म फ्रान्समधील पियरे क्यूरी आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवून दिला. तुमच्या स्वयंपाकघरातही तो रोज वापरात आहे. गॅस पेटवायच्या, बॅटरी नसलेल्या ‘टक्’ वाजणाऱ्या लायटरमध्ये अशीच चकती असते. तिच्यावर आतली हातोडी आपटते आणि ठिणगी उडते. नॉक सेन्सरमध्ये हातोडीच्या जागी इंजिनचे हादरे असतात.

इंजिन चालू असताना हादरे तर हजार प्रकारचे बसतात. पण नॉकिंगचा हादरा वेगळा ओळखता येतो, कारण तो सेकंदाला साधारण सहा-सात हजार वेळा कंप पावणारा असतो. असा कंप आला की सेन्सर ती खबर गाडीच्या संगणकाला देतो. संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो, नॉकिंग थांबते. मग तो हळूहळू ठिणगी पूर्ववत आणतो. पुन्हा आवाज आला की पुन्हा मागे घेतो. हा खेळ सारखा चालू असतो.

ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडल्याने काय फरक पडतो? मुलाला झोक्यावर ढकलताना पाहा. झोका मागे येऊन वळण्याच्या बेतात असताना ढकलले तर थोड्या जोरात तो उंच जातो. तो तुमच्याकडे येत असतानाच ढकलले तर हाताला झटका बसतो, हेच नॉकिंग. फार उशिरा ढकलले तर जोर वाया जातो, हीच ताकद कमी होणे.

आता हा कान बहिरा झाला तर काय होईल? आत नॉकिंग होते की नाही, हे संगणकाला कळत नाही. धोका नको म्हणून तो ठिणगी कायमची उशिरा पाडू लागतो. इंजिन वाचते, पण ताकद घटते, पेट्रोल जास्त लागते आणि पट्टीवरचा दिवा लागतो. करंजी घाटात गाडी ओढत नव्हती ती यामुळेच.

कोणत्या गाडीला हा सेन्सर असतो?

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या, इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत तो बहुधा असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले, त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांत तो सर्रास आढळतो. जुन्या कार्बोरेटरच्या व्हॅनला मात्र तो नसतो. तिथे ठिणगीची वेळ मिस्त्री हाताने लावतो.

डिझेल ट्रॅक्टर किंवा विहिरीवरचे डिझेल इंजिन यांची गोष्ट निराळी आहे. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगीच नसते. हवा दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते, त्यामुळे थोडी खडखड तिथे स्वाभाविकच असते. ती एकदम वाढली तर इंजेक्टर, पंपाचे टायमिंग आणि फिल्टर तपासावेत. अशा इंजिनात नॉक सेन्सर शोधत बसू नये.

इंधनाचे आणि नॉकिंगचे नाते

नॉकिंगला तोंड देण्याची पेट्रोलची ताकद ‘ऑक्टेन’ या आकड्याने मोजतात. आकडा जास्त तर पेट्रोल अवेळी पेटण्याची शक्यता कमी. इथेनॉलचे मिश्रण २० टक्क्यांवर जाण्यापूर्वी आपल्याकडील साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे धरले जात असे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळून नॉकिंग थांबवता येते, हे शोधले. पण शिसे हे विष आहे. धुरातून ते हवेत मिसळून माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या शरीरात जाई. १ फेब्रुवारी २००० पासून भारतात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. शिसे गेल्यावर नॉकिंग रोखण्याचे काम चांगल्या शुद्धीकरणाकडे, इथेनॉलसारख्या मिश्रणांकडे आणि या सेन्सरकडे आले.

इथे आपल्या जिल्ह्याचा थेट संबंध येतो. प्रवरेच्या काठी १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे जिल्हाभर कारखानदारी वाढली. आज त्याच उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल बनते. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८ च्या आसपास आहे, म्हणजे पेट्रोलपेक्षा बराच वर. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा “इथेनॉलमुळे गाडी टिक-टिक करते” असे कोणी म्हणाले तर लगेच विश्वास ठेवू नका. उसाचे इथेनॉल नॉकिंग कमीच करते.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसते आणि वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल राहते. म्हणून टाकीचे झाकण घट्ट असावे आणि अर्धवट टाकीने गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. दुसरे, फार जुन्या गाडीच्या रबरी नळ्या अशा मिश्रणासाठी बनवलेल्या नसतात. गाडीसोबतच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते पाहून मिस्त्रीचा सल्ला घ्यावा.

भेसळीचे पेट्रोल हे तर नॉकिंगचे हमखास कारण आहे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले की ऑक्टेन एकदम घसरतो. पेट्रोल पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नोझलच्या तोंडाचे पेट्रोल पुसून एक थेंब कागदावर टाकावा. शुद्ध पेट्रोल थोड्याच वेळात उडून जाते आणि डाग राहत नाही. तेलकट डाग राहिला तर शंका घ्यावी.

सीएनजीचा ऑक्टेन तर पेट्रोलहूनही पुष्कळ वरचा आहे. म्हणून गाडी सीएनजीवर टिक-टिक करीत नसेल आणि पेट्रोलवर घेताच करू लागली, तर पहिला संशय टाकीतल्या पेट्रोलवर घ्यावा.

सेन्सर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

दिवा लागल्यावर मिस्त्रीकडे स्कॅनर लावून ‘कोड’ वाचून घ्यावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. पी-०३२५ ते पी-०३२८ हे आकडे नॉक सेन्सरच्या मार्गाशी संबंधित आहेत. ‘मार्ग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मार्गात सेन्सर, त्याचा बोल्ट, जोडणी, वायर आणि संगणक हे सगळे येते. कोड फक्त वाट दाखवतो, दोषी कोण ते सांगत नाही. म्हणून स्वस्तातले आधी तपासावे, महागातले नंतर.

१. वायर : सेन्सरपासून जितकी दिसेल तितकी वायर पाहावी. उंदराने कुरतडलेली, तापलेल्या भागाला लागून वितळलेली किंवा कुठे घासलेली आहे काय? तिची बारीक खबर दुसऱ्या विजेने बिघडू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत वायरीवर जाळीचे आवरण असते. ते फाटले असल्यास किंवा वायर इग्निशन कॉइलच्या अगदी जवळून गेली असल्यास चुकीची खबर जाते.

२. जोडणी : सॉकेट काढून पाहावे. आत पाणी, हिरवट गंज किंवा तेल आहे काय? गाडी जोराच्या पंपाने धुतल्यानंतर दिवा लागला असेल तर बहुधा पाणीच शिरलेले असते. स्वच्छ कापडाने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून, वाळवून पुन्हा ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवावे.

३. बोल्ट : तो ढिला आहे काय? ढिल्या बोल्टचा सेन्सर म्हणजे कापूस घातलेला कान.

४. इंजिनचे खरे दुखणे : रेडिएटरमध्ये पाणी पुरेसे आहे काय, पंखा फिरतो काय, इंजिन तापते काय? प्लग पुस्तकात दिलेल्या नंबरचेच आहेत काय? पिस्टनवर कार्बन बसला आहे काय? इंजिनला जोडलेली एखादी पट्टी ढिली होऊन खडखडते काय? ढिल्या पट्टीचा आवाजही सेन्सरला नॉकिंगसारखा वाटतो आणि संगणक उगाच ठिणगी मागे घेतो. अशा वेळी सेन्सर खरे तेच सांगत असतो. तो बदलून काहीच साधत नाही.

५. सेन्सरची चाचणी : मिस्त्रीकडे मीटर असेल तर तो एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरच्या दोन टोकांना लावावा आणि सेन्सरजवळ इंजिनच्या ब्लॉकवर लहान पान्याने हलकेच टकटक करावी. चांगला सेन्सर असेल तर आकडा हलतो. सेन्सरवर मात्र कधीही ठोकू नये. चाचणीने पूर्ण निर्वाळा मिळत नाही, पण मेलेला सेन्सर यात सहसा उघडा पडतो.

एवढे करून वायर, जोडणी, बोल्ट नीट निघाले आणि सेन्सर मेलेलाच ठरला, तरच तो बदलावा.

सेन्सर कसा बदलावा?

गाडी हमीच्या मुदतीत असेल तर स्वतः हात लावू नये, कंपनीच्या दुकानात न्यावी. मुदत संपली असेल आणि पान्याच्या कामाची सवय असेल तर हे काम घरी होऊ शकते. ज्यांना सवय नाही त्यांनी मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. पण पुढील पायऱ्या माहीत असल्या की उभे राहून काम नीट होते की नाही, हे पाहता येते.

पहिली पायरी : इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. संध्याकाळी बाजारातून आल्यावर लगेच नको, दुसऱ्या दिवशी सकाळी काम काढावे. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरची हाताने फिरवायची चावी बंद करावी. जवळ विडी-काडी नको.

दुसरी पायरी : बॅटरीची वजा बाजूची वायर आधी काढावी.

तिसरी पायरी : सेन्सर शोधावा. चार सिलिंडरच्या इंजिनात तो बहुधा ब्लॉकच्या कडेला, हवेच्या मॅनिफोल्डखाली, मधल्या दोन सिलिंडरांच्या आसपास असतो. व्हॅनचे इंजिन बहुधा पुढच्या सीटखाली असते, म्हणून सीट उचलून वरचे झाकण काढावे लागते. मधोमध भोक असलेली वाटोळी, काळी वस्तू आणि तिच्यातून आरपार गेलेला एक बोल्ट, हे सेन्सरचे रूप. काही गाड्यांत तो स्वतःच प्लगसारखा आट्यांनी बसवलेला असतो. वाटेत पेट्रोलची नळी किंवा गॅसची नळी सोडावी लागत असेल तर तिथेच थांबावे आणि काम मिस्त्रीकडे द्यावे. त्या नळ्यांत दाब असतो.

चौथी पायरी : आधी जोडणी सोडवावी. कुलूप दाबून सॉकेट ओढावे, वायर धरून ओढू नये. मग बोल्ट काढावा. वायर कोणत्या वाटेने आली होती हे मोबाईलवर फोटो काढून ठेवले तर उपयोगी पडते.

पाचवी पायरी : सेन्सर जिथे बसतो ती ब्लॉकवरची जागा स्वच्छ करावी. गंज, जुना रंग, तेल काहीही राहू नये. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून कोरड्या कापडाने पुसावी. धातूला धातू सपाट टेकला पाहिजे. मध्ये ग्रीस लावू नये, चिकट द्रव लावू नये आणि वॉशर तर मुळीच घालू नये. पुष्कळजण चांगल्या हेतूने एक वॉशर घालतात आणि तिथेच हादरा अडतो.

सहावी पायरी : नवा सेन्सर जुन्याशी शेजारी ठेवून ताडून पाहावा. भागाचा नंबर, भोकाचा आकार, सॉकेटच्या टाचण्या सारख्या असाव्यात. नवा सेन्सर हातातून पडला तर आतली चकती तडकू शकते, म्हणून सांभाळून हाताळावा.

सातवी पायरी : बोल्ट आवळणे. साऱ्या कामातील महत्त्वाची गोष्ट हीच. बोल्टचा ताण हा या सेन्सरच्या श्रवणशक्तीचा भाग आहे. ढिला राहिला तर त्याला ऐकू येत नाही, अति आवळला तर चकतीवर दाब येऊन तो चुकीचे ऐकतो किंवा तडकतो. आरपार बोल्ट असलेल्या बहुतेक सेन्सरना सुमारे २० न्यूटन-मीटर ताण सांगितलेला असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर वीतभर पान्याच्या टोकाला साधारण दहा किलोचा जोर. मात्र हाताचा अंदाज दगा देतो, म्हणून ताण मोजणारा टॉर्क पाना वापरावा आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडाच अखेरचा मानावा. “दाबून फिट केला आहे, आता हलायचा नाही” असे कोणी अभिमानाने सांगितले तर सावध व्हावे.

आठवी पायरी : वायर जुन्याच वाटेने न्यावी, तापणाऱ्या भागापासून आणि कॉइलपासून दूर ठेवून बांधावी. जोडणी बसवावी. बॅटरीची वायर शेवटी जोडावी. गाडी सुरू करून स्कॅनरने कोड पुसून घ्यावा.

नववी पायरी : चाचणी. आधी रिकामी, मग थोडा माल घालून गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून पाहावी. एखादी चढण जरूर घ्यावी. दिवा लागला नाही, ओढ परत आली, टिक-टिक नाही, म्हणजे काम झाले असे समजावे. दिवा पुन्हा लागला तर दुसरा सेन्सर विकत घेऊ नये, वायरीकडे परत यावे.

खर्च आणि खरेदी

सेन्सरची किंमत गाडीप्रमाणे काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत असते. स्वस्त नकली मालाचा मोह टाळावा. असा सेन्सर बसतो, पण त्याचे ऐकणे खऱ्यासारखे नसते. पावती घ्यावी, जुना भाग परत मागून घ्यावा. मिस्त्रीला तीन प्रश्न जरूर विचारावेत : कोड कोणता आला? वायर आणि जोडणी पाहिली काय? बोल्ट टॉर्क पान्याने आवळला काय? जाणता मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही.

दिवा लागला असताना माल न्यावाच लागला तर?

कधी माल तोडून झालेला असतो, बाजार चुकवता येत नाही, हे आम्ही समजतो. दिवा पिवळा स्थिर आहे, आवाज नाही, इंजिन तापत नाही, अशा स्थितीत कमी माल घेऊन, बेताच्या वेगाने जाता येईल. चढणीवर आधीच खालचा गियर घ्यावा, वरच्या गियरवर इंजिन घुसमटवू नये. पण जोरात टिक-टिक ऐकू येत असेल, दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिन तापत असेल तर गाडी बाजूला घ्यावी. शेजाऱ्याच्या गाडीला भाडे देऊन कांदा पोहोचवणे नव्या पिस्टनपेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• नॉक सेन्सर हा इंजिनचा कान आहे. तो तक्रार करतो तेव्हा दोष कानातच असेल असे नाही.
• आधी वायर, जोडणी, बोल्ट, पेट्रोल आणि पाणी तपासा, सेन्सर सर्वांत शेवटी बदला.
• बसवताना जागा स्वच्छ, वॉशर नाही, ग्रीस नाही, ताण मोजून.
• गाडी धान्य-कांद्यापासून थोडी दूर उभी करा, उंदरांचा बंदोबस्त ठेवा. महिन्यातून एकदा सीट उचलून हातबत्तीने नजर टाका.
• चढणीवर खालचा गियर, बेताचा माल, ओळखीच्या पंपाचे पेट्रोल.

बंधू-भगिनींनो, पिकाची पाने पिवळी पडली तर आपण लगेच औषध फवारत नाही. आधी मुळे पाहतो, पाणी पाहतो, मग ठरवतो. गाडीच्या पिवळ्या दिव्यालाही हाच नियम लावा. यंदाचा माल वेळेवर बाजारात पोहोचो आणि चांगला भाव मिळो.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, भिंगार